शेरू, आडवा हो

आमच्या शेरूचं तुमाला सांगितलं न्हाई वाटतं. साखरा गावाहून आणलेलं कुत्र्याचं पिल्लू, पण हट्टी असं की भाकरीचा तुकडा दाखवा, जमिनीवर थाप मारा, ते आपलं शेपूट हलवत उभंच. तेव्हा घरी नवीनच रंगीत टीव्ही आला होता. त्यात पाहून मी रोज दुपारी ओसरीवर त्याला आडवं व्हायला शिकवायला 'डाऊन, डाऊन' करून राहिलो होतो.

माय आतून म्हणाली, "काहून इंग्रजी बोलून राहिला त्याच्याशी? साखऱ्याचं हाय ते."

बाबा बाजेवर बसून पाहत होते. त्यांना नुकताच हार्टचा झटका येऊन गेला होता. डॉक्टरनं दुपारी पडून राहायला सांगितलं होतं, पण मी म्हटलं की ते म्हणायचे, "मला काय धाड भरली?" आणि मायनं जन्मात कधी नवऱ्याला समोरून 'हे करा' म्हटलेलं न्हाई. काही सांगायचं असलं की ती आमा लेकरांकडं पाहून बोलायची.

त्या दुपारी ती बाहेर आली आणि शेरूसमोर उभी राहिली. "किती हट्ट करशील? घरच्यांच्या जिवाला घोर लागून राहिला. हो आता आडवा."

शेरू उभाच. मागं बाज करकरली. वळून पाहिलं तर बाबा भिंतीकडं तोंड करून आडवे झाले होते.

पुढं माय रोज दुपारी शेरूला तसंच दटावायची. शेरू म्हातारा होऊन गेला, पण हुकमावर कधी आडवा झाला न्हाई. बाबा मात्र एका दिवसात शिकले.