जाहिरातीतला चेहरा

(औसा. बचत गटाची पॅड बनवायची खोली. थोरली जाऊ तारामती पाकिटं भरतेय. धाकटी जाऊ सुकन्या नुकतीच बसस्टँडवरून आलीय.)

सुकन्या : स्टँडवरच्या जाहिरातीत पॅड तसंच आहे, गटाचं नाव तसंच आहे. फक्त माझ्या फोटोच्या तोंडावर डांबर फासलंय, जाऊबाई.

तारामती : पोरासोरांचं काम असंल.

सुकन्या : तुमच्या नखात आहे डांबर.

तारामती : हाव. मीच फासलं. सांग जा भावजींना.

सुकन्या : त्यांना नाही सांगत. मला सांगा, मी काय वाईट केलं तुमचं?

तारामती : काहीच न्हाई. काही न करता तुला मिळालं, तेच जळतंय. माझं नवीन लगीन झालं तवा टीव्हीवर पांढऱ्या कपड्यातली पोरगी उड्या मारायची, अन् पॅडवर निळं पाणी ओतायचे. मला वाटायचं, शाई टिपायचं काही हाय. नुसतं 'त्या दिवसांत, त्या दिवसांत'. खरा शब्द कुणी घेतच न्हवतं. तरी मामंजी उठून टीव्ही बंद करायचे.

सुकन्या : ऐकलंय मी हे.

तारामती : तू ऐकलंस. म्या सोसलंय. गट निघाला तवा शाळेच्या भिंतीवर 'पाळी' म्या लिहिलं, हे एवढ्या अक्षरात. सकाळी बघते तर डांबर. पुन्हा लिहिलं, पुन्हा डांबर. तिसऱ्यांदा लिहून भिंतीपाशी राखण करत बसले. अन् आता गटाची जाहिरात स्टँडवर लागली, तर तिच्यात तू. हसायलीस.

सुकन्या : मी फोटोवाल्याला तुमचंच नाव सांगितलं होतं.

तारामती : मग?

सुकन्या : तो म्हणाला, जिला अजून 'ते' येतं अशी बाई पाहिजे.

तारामती : त्याला कुणी सांगितलं?

सुकन्या : काय?

तारामती : बंद झालीय ते. दोन वर्सं झाली.

सुकन्या : तो नुसतं वय बघून बोलला, जाऊबाई. मला तर माहीतच नव्हतं. लपवलंत कशाला?

तारामती : मग गटात मला कुणी इचारलं असतं? दर महिन्याला माझं पाकीट घेते अन् ट्रंकेत टाकते. लई झालीत. तू पोट धरून बसलीस की वाटतं, हिचं अजून चालू हाय. स्टँडवर तुझं तोंड बघून तेच वाटलं, लई जोरात.

सुकन्या : फोटोत नुसतं हसायचं होतं, ते जमलं. परवा जळकोटला गटातर्फे शंभर बायांपुढं बोलायचंय. तुम्ही भिंतीवर लिहिलेला तो शब्दच माझ्या तोंडातून निघत नाही. तुम्ही चला.

तारामती : तोंड काळं केलं तुझं, तरी?

सुकन्या : आधी डिझेल अन् चिंधी घेऊन स्टँडवर चला. पुसायला दोघी लागू.

तारामती : चल. पण जळकोटला तूच बोलायचं. मी बाजूला बसते. म्हण बरं.

सुकन्या : पाळी.

तारामती : मोठ्यानं. मागं बसलेल्या बाईला ऐकू गेलं पाहिजे.