दिलीप हरिहरोविच

(नेदरलँड्समधलं हूफडॉर्प, विमानतळाजवळच्या एका हॉटेलची लॉबी. दुपारचे साडेबारा. ऋजुता खेळाडूंना परदेशी संघ मिळवून देणाऱ्या एजन्सीत काम करते; अर्सेनी हा तरुण रशियन आइस हॉकी गोलकीपर. ऋजुता आणि तिचे वडील दिलीप आपसांत मराठीत बोलतात. दिलीप आणि अर्सेनी बोलतात ते रशियनमध्ये, आणि ऋजुताला ती भाषा येत नाही.)

ऋजुता : बाबा, तो चांगला दोन मिनिटं बोलला आणि तुम्ही मला एवढंच सांगताय, ‘तो जरा दमलाय’?

दिलीप : मथितार्थ तोच आहे.

ऋजुता : मला मथितार्थ नकोय. तो करारावर सही का करत नाहीये ते हवंय. टोरांटोचं विमान चारला आहे, एक वाजता टॅक्सी येईल. व्हिसा लागलेला पासपोर्ट त्याच्या खिशात आहे. त्या व्हिसासाठी सहा आठवडे मी किती फोन केलेत, तुम्ही बघितलंय. आणि आता एक सही राहिलीय, फक्त एक! तिकडच्या टीमचं ऑफिस उघडायच्या आत पेपर्स पोचायला हवेत, नाहीतर ते दुसऱ्या गोलकीपरला बोलावतील.

दिलीप : अर्सेनी, जरा बस बघू. तू समोरून गेलास की ते दार आपोआप उघडतं. सगळी लॉबी गारठली.

अर्सेनी : मला बसवत नाही. दिलीप हरिहरोविच, तुम्ही तिला सांगितलंत?

दिलीप : थोडंसं.

ऋजुता : आता काय म्हणाला? आणि हे हरिहरोविच काय प्रकरण आहे?

दिलीप : वडिलांचं नाव जोडून हाक मारतात त्यांच्यात, आदरानं. पहिल्याच दिवशी विचारलं त्यानं. म्हटलं, हरिहर.

ऋजुता : आजोबांचं रशियात बारसं केलंत की! बाबा, पण विषय बदलू नका. आमची इंटरप्रिटर मॅटर्निटी लीव्हवर आहे, तुम्ही घरात बसून कंटाळला होतात, म्हणून मी तुम्हाला विचारलं. तीन आठवडे तुम्ही मस्त केलंत. आजच असं का करताय? ते अल्बर्ट हाइन सुपरमार्केटमधून आणलेलं सँडविचही त्यानं तसंच ठेवलंय.

दिलीप : सकाळी त्याला फोन आला होता. जुन्या क्लबच्या कोचचा.

ऋजुता : त्यांचा काय संबंध? काँट्रॅक्ट एप्रिलमध्येच संपलंय. त्यांचा आता काही हक्क नाही.

दिलीप : हक्काचं तो बोललाच नाही. गोड बोलला. थांब, परत विचारतो. अर्सेनी, कोच काय म्हणाला ते पुन्हा सांग. या वेळी मी तिला सगळं सांगतो.

अर्सेनी : म्हणाला, सात वर्षांचा होतास तेव्हापासून आम्ही तुला वाढवलं. पहिले पॅड क्लबनं दिले. तिकडे जाऊन तू तिसरा गोलकीपर होणार, बाकावर बसून इतरांचे गोल मोजणार. परत ये, जागा ठेवलीय. आणि फोन ठेवता ठेवता म्हणाला, आईचं काम सुटलं ते कळलं ना? तू इथे असतास तर वेगळं झालं असतं.

दिलीप : ऋजू, पहिलं सगळं नेहमीचं. आम्ही तुला वाढवलं, तिकडे तुला कोण विचारतंय, वगैरे. खरी गोष्ट शेवटी आहे. त्याची आई त्याच क्लबच्या रिंकवर कामाला आहे. खेळ झाला की बर्फ परत गुळगुळीत करायला ते मोठं यंत्र फिरवतात ना, ते ती चालवते. एकोणीस वर्षं. कोच म्हणाला, तिचं काम सुटलं. मुलगा इथे असता तर वेगळं झालं असतं.

ऋजुता : म्हणजे ह्याच्यामुळे काढलं तिला? आणि हे तुम्ही मला ‘दमलाय’ म्हणून सांगितलंत?

दिलीप : तू लगेच बॉसला फोन लावला असतास. त्यांनी घाई केली असती. पोराला पाच मिनिटं तरी मिळायला हवीत.

ऋजुता : ते तुम्ही नाही ठरवायचं, बाबा. तुम्ही फक्त सांगायचं.

अर्सेनी : ती चिडलीय?

दिलीप : माझ्यावर. तुझ्यावर नाही.

अर्सेनी : तुम्ही सांगा मी काय करू. इस्तंबूलवरून उद्यापर्यंत घरी पोचतो. सोमवारी त्यांच्या बर्फावर उभा राहीन, मग तिला परत घेतील. तुम्हीही घर सोडून मॉस्कोला आला होतात ना? तुम्हाला कळत असेल.

दिलीप : मी चारच महिने राहिलो.

अर्सेनी : चार? नोकरी तर तीन वर्षांची होती म्हणालात.

दिलीप : होती. एका प्रकाशनात, मराठी भाषांतरकाराची. सत्तावीस वर्षांचा होतो. चौथ्या महिन्यात पुण्याहून तार आली, आई गंभीर, ताबडतोब निघ. दोन दिवस ट्रंक कॉल लागेना. शेवटी सामान बांधलं आणि निघालो. नोकरी गेली.

अर्सेनी : आणि आई?

दिलीप : ताप आला होता. मी पोचलो तेव्हा गॅलरीत कपडे वाळत घालत होती.

ऋजुता : बाबा, काय सांगताय त्याला? चेहरा बघा तुमचा. मॉस्को म्हणालात, तेवढं मला कळलं.

दिलीप : काही नाही गं. माझं जुनं काहीतरी.

ऋजुता : तिकडची थंडी सोसली नाही म्हणून परत आलात ना तुम्ही? आम्हाला कायम तेच सांगितलंत.

दिलीप : थंडी सोसली होती. आवडलीही होती. आजी आजारी आहे अशी तार आली, म्हणून आलो.

ऋजुता : काय झालं होतं आजीला?

दिलीप : ताप. मी पोचेपर्यंत उतरलाही होता.

ऋजुता : आणि हे तुम्ही आम्हाला कधीच सांगितलं नाहीत?

दिलीप : सांगितलं असतं तर कुणाला तरी दोष द्यावा लागला असता. थंडीला दिला.

ऋजुता : त्याला सांगा, आईला फोन कर. कोचकडून कळलेलं पुरे झालं, तिच्याकडून ऐक. टॅक्सीला थांबवते मी.

दिलीप : आणि ऐकून तो परत जायला निघाला तर? तुझ्या ऑफिसात...

ऋजुता : तर बॉसशी काय बोलायचं ते माझं मी बघेन. सांगा त्याला.

दिलीप : अर्सेनी, ती म्हणतेय आईला फोन कर.

अर्सेनी : आई खोटं बोलेल. म्हणेल, सगळं छान आहे.

दिलीप : कोचही खोटं बोलत असेल. मला फोन लागला नव्हता, तुझा लागेल. कर.

अर्सेनी : स्पीकरवर टाकतो. आई? मी. अजून हॉटेलातच आहे. तू या वेळी कुठे आहेस, भांड्यांचा आवाज येतोय. आई, तुला कामावरून काढलं?

ऋजुता : हसतेय का ती?

दिलीप : हो. म्हणते, मला कोण काढणार? मीच किल्ली टेबलावर ठेवून आले, गेल्या शुक्रवारी.

ऋजुता : का पण?

दिलीप : थांब. मॅनेजरनं बोलावून सांगितलं, पोराला समजाव, नाहीतर तुझ्या कामाचं काहीतरी बघावं लागेल. ती म्हणाली, बघायची तसदी नको. आता एका शाळेच्या स्वयंपाकघरात लागलीय. म्हणते, एकोणीस वर्षांत हिवाळ्यात पहिल्यांदा पाय गरम आहेत.

अर्सेनी : मला का नाही सांगितलंस?

दिलीप : म्हणते, सांगितलं असतं तर बॅग उचलून परत आला असतास. ओळखते मी तुला.

अर्सेनी : येऊ का, आई? दोन दिवसांसाठी? तुला बघतो आणि जातो.

ऋजुता : बाबा, काय म्हणाली?

दिलीप : म्हणाली, ‘आलास तर दार उघडीन, जेवायला वाढीन. पण तुझ्याशी बोलणार नाही.’

अर्सेनी : ठेवला तिनं.

ऋजुता : रडतोय तो.

दिलीप : तिकडे बघू नकोस. पेन दे मला.

अर्सेनी : कुठे करायची सही?

दिलीप : इथे, खाली. सावकाश.

ऋजुता : झालं. स्कॅन केलं, पाठवलं. टॅक्सीही आलीय. एवढी मोठी बॅग मावेल ना तिच्यात?

अर्सेनी : दिलीप हरिहरोविच, आणि खरंच तिसरा गोलकीपर झालो तर?

दिलीप : तर तिसरा गोलकीपर. बाकावर कंटाळा आला की फोन कर मला. जा आता, ड्रायव्हर खोळंबलाय.

ऋजुता : गेला. एकदाही मागे वळून बघितलं नाही त्यानं.

दिलीप : बरं झालं.

ऋजुता : कॉफी घेऊ या?

दिलीप : नको. जरा चालू या. मला बसवणार नाही आता.

ऋजुता : बाबा, तुम्ही मॉस्कोहून येऊन दारात उभे राहिलात, तेव्हा आजी काय म्हणाली?

दिलीप : तिला माहीतच नव्हतं मी येणार ते. तार काकांनी केली होती, तिला न विचारता. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘आलास कशाला?’

ऋजुता : रागावून?

दिलीप : चाळीस वर्षं मला तसंच वाटत होतं.