दाताच्या खुर्चीतली भेट

"कोणाला खरं वाटायचं नाही, पण माझे ठोके आधीच चुकतात, त्यात मागच्या खेपेला दाताचं इंजेक्शन टोचलं आणि माझं हृदयच बंद पडलं!" दातांच्या दवाखान्यात ताटकळलेले आजोबा शेजारच्या बाईंना सांगत होते.

"अगं बाई! मग?"

"मग काय, समोर आमची ही! जाऊन दोन वर्षं झालीत तिला. म्हणाली, 'हे बोळकं घेऊन आलात? जा, कवळी बसवून या!'"

"ठोके चुकतात म्हणता, आणि आज पुन्हा इंजेक्शन?"

"शेवटचा दात निघाला की कवळी. मग परत पाठवायला तिला निमित्तच नाही."

दारातून नर्स म्हणाली, "आजोबा, तुमचे ठोके चुकतात म्हणून इंजेक्शन बेताचंच दिलं होतं. ठोके दाखवणाऱ्या मशीनवर माझीच नजर होती. हृदय मुळीच थांबलं नव्हतं. तुम्ही डोळे मिटून आजींना नुसत्या हाका मारत होतात."