गाडीची झूल

बैलांचा सण, बेंदूर, उद्यावर आला होता. साताऱ्यातल्या बैलांच्या साजाच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मातीची बैलजोडी सांभाळत भार्गवी रांगेत उभी होती. तिच्या पुढे दोघे गाववाले बोलत होते, आणि तिच्या कानांना काही कुलूप नव्हतं.

"गुंडा, झूल कुनाला रं? बैल तर तू इकलंस की."

"गाडीला."

"त्या परदेशी गाडीला?"

"छप्पर न्हाई तिला. म्होरली काचबी न्हाई. गोठ्यातलं वासरू शीट चाटतंय."

"मग घेतलीस कशाला?"

"साऱ्या जगात मोजक्याच हायत म्हनं. म्हनलं, त्यातली एक आपल्या दारात पायजे."

"रस्त्यावर कवा काढनार?"

"पासिंगच हुईना. हुईल का न्हाई, कुनालाच ठावं न्हाई. पर उद्या मिरवनुकीत काढतो. ट्रॅक्टरच्या ट्रालीवर चढवून. घरची मंडळी ओवाळनार."

"गड्या, सारा गाव हसंल! जी चालतच न्हाई, तिला कोन ओवाळतंय व्हय?"

गुंडाचा चेहरा उतरला. झूल परत ठेवायला तो वळला, आणि भार्गवीच्या हातांकडे बघतच राहिला.

"ताई, ह्ये बैल चालत्यात?"

"नाही हो, मातीचे आहेत."

"मग ह्यास्नी निवद?"

"पुरणपोळीचा. दरवर्षी."

गुंडानं झूल काखेत मारली आणि दुकानदाराला हाक दिली,

"मालक, घुंगरमाळबी द्या. चांगली मोठी बघून!"