बेसूर मुलगी

टॅक्सीच्या रांगेत माझ्यापुढे दोघी बहिणी उभ्या होत्या. धाकटी परदेशातल्या मुलांच्या वाद्यवृंदाला महिनाभर व्हायोलिन शिकवून नुकतीच विमानातून उतरली होती.

"संचालक म्हणाले, ही मुलगी बेसूर आहे, उद्याच्या कार्यक्रमातून काढा."

"मग गं?"

"मी तिचं व्हायोलिन बघितलं, ताई. खुंटी सैल, तार सारखी उतरत होती. तरी पोरगी बोट सरकवून सूर गाठायची. केवढा पक्का कान!"

"सांगितलंस त्यांना?"

"सांगत कशाला बसू? माझं व्हायोलिन तिच्या हातात दिलं नि म्हटलं, आता ऐका."

"आणि?"

"पहिल्या रांगेत बसवलं तिला!"

"मग हे खांद्यावरचं व्हायोलिन कोणाचं?"

"तिचं. दुरुस्त करून पुढच्या वर्षी नेऊन देईन, माझं परत आणीन."

"पुढच्या वर्षीचं बोलावणं आलंसुद्धा?"

"अजून नाही. येईल की!"