हळदीतला फोटो

मी कुशाबाई भिमा टकले, वय ४४ वर्षे, धंदा शेती व घरकाम, राहणार टकले वस्ती, कासुर्डीजवळ, तालुका दौंड, जिल्हा पुणे. पोलीस ठाण्यात स्वतःहून हजर राहून, महिला अंमलदारांनी समक्ष विचारल्यावरून सांगते की,

मी वरील ठिकाणी पती भिमा व मुलगा सार्थक, वय १७, यांच्यासह राहते. मुलगी प्रगती हिचे गेल्या वैशाखात लग्न झाले असून ती सासरी नांदते. सासऱ्यांच्या हयातीत आमच्याकडे मेंढरं होती. आता ऊस व कांदा करतो. आमच्या बांधाला लागून बाळासो रासकर यांचा शेवंतीचा मळा आहे. त्यांची पत्नी शितल व मुलगी अंकिता, वय १६, यांना मी पहिल्यापासून ओळखते. अंकिता लहान असताना शाळा सुटली की आधी आमच्या ओट्यावर यायची, मग तिच्या घरी. सार्थक बारावीला व ती अकरावीला असून दोघे एकाच एसटीने कॉलेजला जात.

प्रगतीच्या हळदीला अंकिता आली होती. मी माझ्या मोबाईलवर तिचा फोटो काढला. ती नको म्हणत होती. "काकू, तोंड बघा की, सगळं पिवळं झालंय," असे म्हणाली. मी म्हणाले, "आगं, हळदीत पिवळ्या तोंडाचाच काढायचा आस्तोय." त्यावर ती हसली, तेव्हा मी फोटो काढला. प्रगतीचा हात तिच्या खांद्यावर होता. तो फोटो मी कोणाला पाठविला नाही. मला पाठविता येत नाही. सार्थकला वेगळा मोबाईल घेतलेला नाही. माझाच मोबाईल आम्ही दोघे वापरतो.

दिवाळीच्या सुमारास वस्तीवर समजले की, अंकिताच्या नावाने इन्स्टाग्रामवर कोणीतरी खोटे खाते काढले आहे. त्यावर तिचा फोटो, घरचा नंबर व वाईट मजकूर होता. मजकूर मी वाचलेला नाही. रासकरांच्या घरी परक्या पुरुषांचे फोन येऊ लागले. बाळासो यांनी अंकिताचे कॉलेज बंद केले व तिला दौंडला रेल्वे कॉलनीत तिच्या मामाकडे नेऊन ठेवले. नेताना ते बापलेक आमच्या बांधावरून गेले. मी कांद्यात खुरपत होते. मी मान वर केली नाही.

त्या दिवसांत बायकांत बोलणे होई. मीही बोलले. "पोरींनी फोटू काढून घ्यावाच कशाला," असे मी आमच्या वस्तीवरील धुरपदा हिच्यापाशी म्हणाले. ते फिरून शितलच्या कानावर गेले. त्यानंतर शितल माझ्याकडे विरजण मागायला आली नाही.

जानेवारीत गावच्या शाळेत जागल नावाच्या संस्थेची सभा झाली. मोबाईलवरून मुलांची फसवणूक व बदनामी होते ती टाळावी कशी, हे ती संस्था गावोगाव सांगते. सकाळी त्यांच्या तेजश्री मॅडम मुलांशी बोलल्या, दुपारी आयांना बसविले. मॅडम म्हणाल्या, "लेकरू सांगायला आलं तर 'तू काय केलंस' हे विचारू नका. 'मी आहे' एवढंच म्हणा. मोबाईलमधलं काही पुसून टाकू नका, आम्हाला फोन करा. आणि हे करणारा लांबचाच कोणी असेल असं धरून चालू नका."

सभा संपल्यावर शितल मागे थांबली. बाळासो यांनी तिला तक्रार करू दिली नव्हती. खाते तोवर बंद झाले होते, परंतु त्या खात्याचा फोटो तिने मोबाईलमध्ये ठेवला होता, तो तिने मॅडमना दाखविला. मी शेजारी चपला घालत होते. माझी नजर गेली. खात्यावरच्या फोटोत अंकिताच्या खांद्यावर हिरव्या बांगड्यांचा हात होता, मनगटापुढचा फोटो कापून टाकलेला. तो हात माझ्या प्रगतीचा आहे. मी तशीच घरी आले.

सार्थक जेवत होता. मी त्याला विचारले, "अंकीचा फोटू तू टाकला व्हय?" तो घास हातात धरून बसला. नंतर म्हणाला, "आई, गंमत केलती. लगेच काढून टाकणार हुतो." एसटीत पोरांसमोर अंकिता त्याला म्हणाली होती की, तू मला भावासारखा आहेस, मला सारखे मेसेज करू नको. पोरे हसली. त्याचा राग धरून त्याने खाते काढले. दोन-चार दिवसांत बंदही केले. पण तोवर पोरांनी फोटो पुढे पाठविला होता. "माझ्या हातात ऱ्हायलं न्हाई, आई," असे म्हणून तो रडू लागला. मी त्याला मारले नाही. ताट उचलून ठेवले.

पतीला सांगितले असता ते म्हणाले, "गप ऱ्हा. बारावीचं पेपर तोंडावर आलंत. त्यांच्या पोरीचं जे व्हायचं ते झालं. आता आपल्या पोराचं वाटोळं करती का?" सार्थकचे पेपर होईपर्यंत मी कोणाला सांगितले नाही. तो पेपरला निघाला की मी त्याच्या हातावर दही-साखर देत होते. अंकिताची परीक्षा बुडाली, हे मला त्या वेळी माहीत होते.

शेवटचा पेपर झाल्यानंतर धुरपदाकडून समजले की, बाळासो यांनी अंकितासाठी स्थळ पाहिले असून लग्न लवकर उरकणार आहेत. त्या दिवशी मी सभेत मिळालेल्या नंबरवर तेजश्री मॅडमना फोन केला. मॅडम दुसऱ्या दिवशी आल्या. त्यांनी माझे ऐकून घेतले व म्हणाल्या, "सार्थकला आम्ही वाऱ्यावर सोडणार नाही. पण आधी अंकिता."

मी व मॅडम दौंडला गेलो. शितल व बाळासो यांना मॅडमनी तेथेच बोलावले होते. मामाच्या क्वार्टरमध्ये सर्वांसमोर मी सांगितले की, फोटो माझ्या मोबाईलमधला आहे व खाते माझ्या मुलाने काढले. बाळासो उठून माझ्या अंगावर आले. शितलने त्यांना धरले. ते खाली बसले व म्हणाले, "मी माझ्या पोरीला एक डाव बी इचारलं न्हाई."

अंकिता आतल्या दारात उभी होती. ती वाळली आहे. ती मला म्हणाली, "काकू, समदी मला म्हणत हुती, फोटू का काढून घेतला. काढला कुणी, हे कुणीच इचारलं न्हाई. तुम्हाला तर ठावं हुतं."

मी म्हणाले, "खात्यावर तो फोटू हाय हे मला तवा ठावं नव्हतं गं."

ती म्हणाली, "नसू द्या. मला वाटलं हुतं, तुम्ही तरी एकदा येताल."



मॅडमनी बाळासो यांना, मुलीचे लग्नाचे वय नाही व आता तिला शाळेची गरज आहे, हे समजावून सांगितले. स्थळ मोडल्याचे शितलने नंतर मला कळविले. अंकिता जूनपासून दौंडलाच पुन्हा अकरावीला बसणार आहे. वस्तीवर यायचे नाही, असे ती म्हणते.

आज सार्थक माझ्यासोबत स्वतःच्या पायाने आला असून बाहेर तेजश्री मॅडमजवळ बसला आहे. पती आले नाहीत. मोबाईल मी आपल्या ताब्यात दिला आहे. त्यात प्रगतीच्या लग्नाचे फोटो आहेत, ते परत मिळावेत अशी विनंती केली, परंतु न मिळाल्यास माझी हरकत नाही. मुलाविरुद्ध सांगण्यासाठी कोणी दबाव आणला काय, असे विचारले असता, नाही.

माझा जबाब मला मराठीत सावकाश वाचून दाखविण्यात आला. कागदाच्या माथ्यावर 'विधिसंघर्षग्रस्त बालक' असे लिहिलेले ऐकून, ते कोण, असे मी विचारले. गुन्ह्याचा आरोप असलेले अठराच्या आतले मूल, म्हणजे तुमचा सार्थक, असे मला सांगण्यात आले. ते बरोबर आहे. बाकीही मी सांगितले तसेच लिहिले आहे. सही माझी आहे.