गॅरेजची खोली

स्वारगेटला गुहागरच्या एसटीच्या रांगेत माझ्या पुढे दोन वयस्कर बायका बोलत उभ्या होत्या.

"अहो दुर्गाबाई, मुलाकडे राहायचं सोडून परत कोकणात निघालात?"

"सुदर्शनच पाठवतोय. त्यानं तिकडच्या घरात पर्यटकांसाठी खोल्या काढल्यात. बघायला कोणीतरी हवं."

"मग तुम्ही नवराबायको राहता कुठे?"

"गॅरेजची खोली करून दिली ना. शटर काढून भिंत घातली, फरशी बसवली, पंखा लावला."

"बरी आहे का?"

"समुद्राचा दमट वारा. भिंतीला कायम ओल, गादीसुद्धा वाळत नाही. ह्यांचा खोकला तिथेच छातीत उतरला."

"सुदर्शनला सांगायचं नाही का?"

"सांगितलं. म्हणाला, माझ्या कंपनीतली माणसं उतरलीत, रविवारी ती गेली की बाबांना घरात त्यांच्या खोलीत झोपवू."

"मग?"

"हे शनिवारी सकाळी गेले."

"अरे देवा! मला काहीच कळलं नाही हो."

"पाहुणे अंगणात नाश्ता करत होते. मी रडले तेही हळूच. आता सुदर्शन म्हणतो, आई, तुझ्या खोलीला नवीन रंग देतो."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? फिकट निळा दे म्हटलं."